आपल्या माणसांचे पाप, परक्याचे दुःख

चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत आपण शब्बाथ शाळेत दरवर्षी शिकवतो. गोष्ट संपली की मुलांना विचारतो, "यांतील कोणासारखे व्हावे?" साऱ्या वर्गाचे हात वर होतात आणि एकच उत्तर येते : शोमरोन्यासारखे. उत्तर बरोबर असते. आपण समाधानाने पुस्तक मिटतो.

पण ज्यांनी ही गोष्ट प्रथम ऐकली ते शोमरोनी नव्हते, यहूदी होते. त्यांच्या कानांना ती गोड लागली नसेल. जखमी माणसाला पाहून पलीकडच्या बाजूने निघून गेलेले याजक आणि लेवी हे त्यांचे स्वतःचे, मानाचे लोक होते. आणि थांबला तो ज्याच्याशी त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा दावा होता तो. प्रभूने आपल्याच लोकांपुढे आपल्या लोकांचे उणे सांगितले आणि परक्याचे बरे सांगितले. गोष्टीतला हा भाग आपण बहुधा भरभर उरकतो.

उरकतो, कारण तो अवघड आहे. आपल्या माणसांनी केलेले पाप आपण उघड बोलावे काय? समोरचा पक्षही तेच पाप करीत असताना बोलावे काय? ज्याच्या लोकांशी आपल्या लोकांचे वैर आहे, त्याच्या दुःखासाठी आपण तोंड उघडावे काय? या प्रश्नांचा विचार करू लागलो की आम्हांला एका क्रोएशियन कवीची आठवण होते. तो उपदेशक नव्हता. कविता लिहिणे, परभाषांतील कविता आपल्या भाषेत आणणे आणि वर्तमानपत्रांत काम करून पोट भरणे, एवढेच त्याचे आयुष्य. तेही तीसच वर्षांचे. पण वरील प्रश्नांना त्याने जे उत्तर दिले, ते देताना त्याने हातचे काही राखले नाही.

त्याचे नाव इव्हान गोरान कोवाचिच. जन्म २१ मार्च १९१३, लुकोव्दोल या लहानशा डोंगरी गावी. त्या रानमुलखाला गोर्स्की कोतार म्हणतात, आणि त्याच डोंगरांवरून त्याने 'गोरान' हे नाव घेतले. डोंगराकडचा माणूस असा त्याचा अर्थ. शिक्षणासाठी तो झाग्रेबला आला, विद्यापीठातील अभ्यास अर्धवट सोडला, वृत्तपत्रांत लागला. १९३२ साली त्याच्या कविता प्रथम पुस्तकरूपाने निघाल्या त्या दोन मित्रांच्या कवितांसह एका छोट्या संग्रहात. त्या मित्रांपैकी योसिप हित्रेक हा पुढे हिंदुस्थानात आला, मुंबईत कित्येक वर्षे राहिला, आणि नंतर अमेरिकेत जाऊन त्याने इव्हो आंद्रिच या थोर कादंबरीकाराची पुस्तके इंग्रजीत उतरवली. गोरान मात्र आपल्याच देशात राहिला. १९३६ साली त्याचा कथासंग्रह आला. आपल्या खेड्याच्या बोलीत त्याने ज्या कविता केल्या त्यांचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९४५ साली, निघाले.

बोलीत कविता केल्या, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपल्या लोकांचे पाप जो बोलतो त्याला नेहमी एक दूषण मिळते : 'याला आपल्या माणसांविषयी प्रेमच नाही.' गोरानच्या बाबतीत हे म्हणता येत नाही. ज्या भाषेला शहरातले लोक गावंढळ समजत, त्या आपल्या आईबापांच्या भाषेत त्याने आपल्या रानातली झाडे, पाणी, मजूर, म्हातारी माणसे यांना गायिले.

आणि त्याच हाताने त्याने इंग्रजी, फ्रेंच, रशियन अशा परभाषांतील कवितांची भाषांतरे केली. भाषांतराच्या कामात एक शिस्त आहे, तिच्याकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. मूळ कवी 'मी' म्हणतो, तेथे भाषांतरकाराला 'तो म्हणतो' असे लिहून चालत नाही. त्यालाही 'मी' असेच लिहावे लागते. हा 'मी' आपला नसतो, परक्याचा असतो. शब्द मात्र आपल्या तोंडचे असतात. त्यात आपले मत घुसडायचे नाही, त्याचे दुःख कमी करायचे नाही, वाढवून सांगायचेही नाही. वर्षानुवर्षे ही शिस्त पाळणाऱ्या माणसाचे कान परक्याच्या आवाजाला सरावतात. गोरानने पुढे जे लिहिले त्याची तयारी या कामात झाली असावी, असे आम्हांस वाटते.

आता त्याच्या देशावर काय गुदरले ते थोडक्यात सांगितले पाहिजे. त्या काळच्या युगोस्लाव्हियात क्रोएशियन, सर्ब, बोस्नियातील मुसलमान, यहूदी, जिप्सी असे अनेक समाज शेजारी शेजारी राहत. क्रोएशियन बहुतेक रोमन कॅथलिक, सर्ब ऑर्थोडॉक्स. दोघांच्या भाषेत फरक इतका थोडा की एकाचे बोलणे दुसऱ्याला सहज कळावे. एप्रिल १९४१ मध्ये जर्मनी व इटली यांच्या फौजांनी देश घेतला आणि १० एप्रिल रोजी झाग्रेबमध्ये उस्ताशा पक्षाचे राज्य उभे राहिले. त्याचा पुढारी आंते पाव्हेलिच. या राज्याने सर्ब, यहूदी आणि जिप्सी लोकांचा संहार आरंभिला. अनेक सर्बांना बळजबरीने पंथ बदलावयास लावले. यासेनोवाच येथील छावणीत मारल्या गेलेल्यांपैकी ८३ हजारांहून अधिक लोकांची नावे आज नोंदलेली आहेत. त्या प्रदेशातील डोंगर चुनखडीचे आहेत. पाण्याने खडक झिजून त्यांत खोल, अंधाऱ्या, विहिरीसारख्या खाचा पडलेल्या असतात. गावेच्या गावे या खाचांच्या तोंडाशी नेऊन आत ढकलण्यात आली.

दुसऱ्या बाजूला चेतनिक म्हणून सर्बांच्या सशस्त्र टोळ्या होत्या. त्यांनी पूर्व बोस्नियात मुसलमानांच्या आणि इतरत्र क्रोएशियनांच्या वस्त्या कापून काढल्या. म्हणजे 'त्यांनीही केले' असे म्हणावयास दोन्हीकडे भरपूर जागा होती. तिसरे होते पार्टिझान. त्यांत सर्व समाजांचे लोक होते, सर्ब मोठ्या संख्येने होते, आणि ते परकीय फौजांशी व या दोघांशीही लढत होते.

गोरान क्रोएशियन. अत्याचार करणारे राज्य क्रोएशियन नावाने चाललेले. त्याची प्रकृती नाजूक, फुप्फुसे कमजोर. घरी बसण्यास कारण पुरेसे होते. तरी डिसेंबर १९४२ च्या अखेरीस तो झाग्रेब सोडून कूपा नदी ओलांडून पार्टिझानांकडे गेला. त्याच्याबरोबर व्लादिमीर नाझोर होते. क्रोएशियन भाषेचे ते मान्यवर कवी, त्या वेळी वय ६६. एक वृद्ध आणि एक आजारी, असे हे दोन कवी कडाक्याच्या थंडीत होडीतून पलीकडे गेले.

१९४३ च्या पहिल्या महिन्यांत, फौजेबरोबर बोस्नियाच्या डोंगरांतून हिंडत असताना, गोरानने एक दीर्घ कविता लिहिली. तिचे नाव 'यामा'. क्रोएशियन भाषेत त्याचा अर्थ खड्डा. तिचे दहा भाग आहेत. ज्याचे डोळे काढण्यात आले आणि ज्याला इतरांबरोबर मारून खड्ड्यात टाकले, पण जो मेला नाही, असा एक माणूस ती बोलतो. प्रेतांच्या राशीत तो शुद्धीवर येतो. हातांनी चाचपत, मेलेल्यांवरून चढत तो बाहेर येतो. बाहेर रात्र आहे की दिवस हे त्याला दिसत नाही; गवतावरचे दव अंगाला लागते त्यावरून कळते. जळालेल्या गावाचा धूर त्याला वासावरून ओळखू येतो. घराची खिडकी, पाखरांचे घरटे, पाळणा अशा साध्यासुध्या गोष्टी त्याला आठवतात. युद्धातील शौर्याच्या वर्णनापेक्षा या लहान गोष्टींनीच वाचणाऱ्याचे मन अधिक हलते.

या कवितेतील दोन गोष्टींचा विचार करू.

पहिली ही की, ती 'मी' म्हणून लिहिली आहे. गोरानचे डोळे शाबूत होते. तो खड्ड्यात पडला नव्हता. त्याला 'ते बिचारे' असे दुरून लिहिता आले असते. पण दुरून हळहळणे आणि त्या जागी जाऊन उभे राहणे यांत फार अंतर आहे. याजकालाही कदाचित हळहळ वाटली असेल. तो पलीकडच्या बाजूने गेला, एवढेच. येथे कोणी विचारील, दुसऱ्याच्या यातना आपल्या तोंडून बोलण्याचा अधिकार कोणाला? शंका योग्य आहे. परक्याचे दुःख उसने घेऊन आपली वाहवा करून घेणारे लोक असतात. पण गोरानने तो आवाज सुरक्षित खोलीत बसून काढला नाही. जेथे ते खड्डे होते, जेथे आपणही त्यांत पडू शकतो, त्या वाटेवर चालताना त्याने तो काढला. ज्याने आधी ऐकून घेतले आहे आणि नंतर जो किंमत देण्यास तयार आहे, त्याला हा अधिकार थोडाफार असावा, असे आम्हांस वाटते.

दुसरी गोष्ट ही की, त्या माणसाची जात, पंथ, समाज यांचे नाव कवितेत नाही. मारणाऱ्यांच्या समाजाचेही नाव नाही. ज्यांनी ती तेव्हा वाचली त्यांना कोणी कोणाला मारले हे ठाऊकच होते. पण कवीने 'क्रोएशियन वाईट' असे लिहिले नाही, 'सर्ब चांगले' असेही लिहिले नाही. त्याने सुरा दाखवला, डोळे दाखवले, खड्डा दाखवला. नाथान संदेष्टा दावीद राजाकडे गेला तेव्हा त्याने आरंभी राजाचे नाव घेतले नाही. एका गरिबाच्या मेंढरीची गोष्ट सांगितली आणि राजाचा न्यायाचा कोप जागा झाल्यावर तो कोणाविषयी आहे ते उघड केले. समाजाचे नाव आधी घेतले की ऐकणारा आपल्या पक्षाची ढाल पुढे धरतो. कृत्य नुसते समोर ठेवले की प्रथम मनुष्य जागा होतो, पक्ष मागाहून येतो.

पण यामुळे तो पहिला आक्षेप सुटत नाही. युद्ध चालू असताना, समोरचेही तसेच करीत असताना, आपल्याच नावाने झालेले पाप सांगणे हा आपल्यांचा घात नव्हे काय? आम्हांला वाटते, घात कोणी केला हे आधी पाहिले पाहिजे. ज्यांनी लोकांना खड्ड्यात टाकले त्यांनी आपल्या लोकांच्या नावाला जो डाग लावला, तो गोरानच्या कवितेने लागलेला नाही. उलट, त्या काळ्या वर्षांत क्रोएशियन भाषेत आणखी काय बोलले गेले असे कोणी विचारले, तर दाखवावयास ती कविता आहे. मात्र एक सावधगिरी हवी. आपल्यांची निंदा करून परक्याची शाबासकी मिळवणे ही वेगळी गोष्ट आहे. खरी कबुली देणाऱ्याला तीत लाभ नसतो, तोटाच असतो.

गोरानला काय मिळाले ते आता पाहू. मे आणि जून १९४३ मध्ये सुत्येस्का नदीच्या खोऱ्यात मोठी लढाई झाली. पार्टिझान वेढ्यात सापडले, आणि मुख्य फळी फुटून बाहेर पडली तरी अनेक जखमी मागे राहिले. त्यांत बेलग्रेड विद्यापीठातील वैद्यकाचे प्राध्यापक डॉ. सिमो मिलोशेविच होते. ते मॉन्टेनेग्रोच्या किनाऱ्याकडचे. त्यांना टाकून पुढे जाण्यास गोरान तयार झाला नाही. जुलै १९४३ मध्ये फोचा गावाजवळच्या व्रब्नित्सा येथे ते दोघे चेतनिकांच्या हाती सापडले आणि मारले गेले. गोरानची कबर कोठे आहे हे कोणाला कळले नाही. फ्रेंच कवी पॉल एल्युआर याने पुढे त्या कबरीवर कविता लिहिली.

ज्यांच्या समाजाच्या दुःखासाठी त्याने तोंड उघडले, त्याच समाजाच्या नावाने लढणाऱ्यांनी त्याला मारले. हे ऐकून आपले मन लगेच म्हणते, 'पाहा, काय उपयोग झाला?' किंवा त्याहून वाईट, 'पाहा, ते लोक असेच!' हे दुसरे वाक्य ओठांवर येते तेथेच खड्ड्याची कड सुरू होते. चेतनिक म्हणजे सारे सर्ब नव्हेत, उस्ताशा म्हणजे सारे क्रोएशियन नव्हेत. आणि मारला गेला त्या क्षणी गोरान ज्याची शुश्रूषा करीत होता तो मनुष्यही त्याच्या समाजाचा नव्हता. कवितेत जे त्याने शब्दांनी केले, तेच त्याने अखेरीस हातांनी केले. आम्हांला त्याच्या कवितेची साक्ष या शेवटच्या कृत्यामुळेच पूर्ण झालेली दिसते.

उपयोगाचा प्रश्न मात्र सहज सोडून देता येत नाही. १९४४ मध्ये 'यामा' पार्टिझानांच्या ताब्यातील मुलखात छापली गेली. एदो मुर्तिच आणि झ्लात्को प्रित्सा या दोघा चित्रकारांनी तिची चित्रे काढली. युद्धानंतर ती युगोस्लाव्हियाच्या शाळांतून शिकवली जाऊ लागली. १९६४ पासून कवीच्या जन्मदिनाच्या सुमारास त्याच्या गावी कवींचा मेळा भरू लागला. पण ज्या पार्टिझानांकडे तो गेला, त्यांच्यातीलच लोकांनी १९४५ च्या विजयानंतर शरण आलेल्या हजारो माणसांना स्लोव्हेनियातील कोचेव्स्की रोगच्या रानात तशाच खड्ड्यांत टाकले. याविषयी दीर्घ काळ कोणाला बोलता येत नव्हते. पुढे १९९१ ते १९९५ या वर्षांत तो देश पुन्हा पेटला. पेटवणाऱ्यांनी जुन्या खड्ड्यांची आठवण काढली, पण प्रत्येकाने आपल्या मेलेल्यांचीच. मुलांनी शाळेत ती कविता वाचली होती. तरी हे झाले.

म्हणजे कविता फुकट गेली काय? शोमरोन्याचा दृष्टांत तर आपल्या हाती दोन हजार वर्षे आहे, आणि आपली स्थिती आपण जाणतो. औषध घरात असूनही ज्याने घेतले नाही त्याचा रोग हटत नाही. 'यामा' शिकवताना बहुधा ती 'दुसऱ्यांनी काय केले' याची गोष्ट म्हणून शिकवली गेली. विजय मिळवलेल्या पक्षाने आपल्या स्वतःच्या खड्ड्याशी उभे राहून ती वाचली असती तर? शोमरोन्याची गोष्ट आपण 'मी शोमरोनी' म्हणून वाचतो, तशीच ही चूक आहे.

पवित्र शास्त्रात याला एक उतारा आहे, तो दानीएलाच्या प्रार्थनेत. दानीएल लहान वयात बंदिवान होऊन परदेशी गेला. आपल्या राजांच्या आणि वडिलांच्या अपराधांत त्याचा वैयक्तिक हात नव्हता. पण तो प्रार्थना करतो तेव्हा 'त्यांनी पाप केले' असे म्हणत नाही, 'आम्ही' म्हणतो. ऑक्टोबर १९४५ मध्ये जर्मनीतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या पुढाऱ्यांनी स्टुटगार्ट येथे आपल्या राष्ट्राने इतरांना दिलेल्या यातनांबद्दल जी कबुली दिली, तीही 'आम्ही' म्हणूनच. तिच्यावर सही करणाऱ्यांत मार्टिन निमोलर हे होते, ज्यांनी हिटलरच्या छावण्यांत वर्षे काढली होती. तरी अनेक जर्मन ख्रिस्ती लोकांना राग आला : आमची शहरे बेचिराख झाली, आमची मुले मेली, त्याचे काय? त्यांचे दुःख खोटे नव्हते. पण आपले दुःख खरे असले म्हणून दुसऱ्याचे खोटे ठरत नाही, आणि आपल्यावर झालेला अन्याय आपण केलेल्या अन्यायाचे बिल फेडत नाही.

यिर्मया संदेष्ट्याला चिखलाच्या हौदात टाकले ते त्याच्या स्वतःच्या लोकांनी. त्याला वर काढले ते एबद-मलेख या कूशी मनुष्याने, एका परक्याने. दोरी अंगाला रुतू नये म्हणून त्याने जुन्या चिंध्या आधी खाली सोडल्या आणि त्या काखेत धरावयास सांगितल्या, ही बारीक गोष्टही शास्त्राने नोंदून ठेवली आहे. परक्याच्या दुःखाजवळ कसे जावे याचा एवढा चांगला धडा दुसरा नसेल. आधी त्याला काय रुतेल ते पाहावे.

आपल्या मंडळ्यांतून रविवारी आपण जी मध्यस्थीची प्रार्थना करतो, तिच्यातील नावे एकदा मोजून पाहावी, अशी वाचकांना आमची विनंती आहे. आम्ही आमच्यापुरती मोजली. आपली मंडळी, आपले आजारी, आपल्या लोकांवर झालेले अन्याय. हे सर्व असावेच. पण आपल्या माणसांनी ज्यांना दुखवले, ज्या शेजाऱ्याशी आपली कोर्टकचेरी चालू आहे, ज्या वस्तीकडे आपण वळूनही पाहत नाही, त्यांचे नाव आमच्या यादीत एकदाही आले नव्हते. आम्हांला खरोखर लाज वाटली.

म्हणून पुढच्या वेळी शोमरोन्याचा पाठ आला म्हणजे शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मुलांना आणखी एक प्रश्न विचारून पाहावा. "यांतील कोणासारखे व्हावे?" हा तर विचारावाच. पण त्यानंतर, "पलीकडच्या बाजूने गेलेले ते दोघे कोणाचे होते?" असे विचारून थोडे थांबावे. मुलांना वेळ लागेल. एखादे मूल हळूच म्हणेल, "आपलेच." त्या मुलाला गप्प करू नये.